पाटी कुणाची, अंग कुणाचे?

पुढे एक फळी, मागे एक फळी, दोन्ही खांद्यांवरून पट्ट्यांनी जोडलेल्या आणि मधे माणूस. जाहिरातीच्या या प्रकाराला 'सँडविच बोर्ड' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर तो रुळला. भिंतीवर चिकटवलेला कागद एका जागी राहतो, माणूस मात्र गर्दी असेल तिथे जातो, हा व्यापाऱ्यांचा हिशेब. फळ्या अडकवून दिवसभर फिरणारे बहुतेक म्हातारे आणि बेकार होते. दुसरे काम मिळत नाही म्हणून ते हे काम करत, आणि मजुरीही तशीच तुटपुंजी असे.

आज आपल्याकडे पाठीवर बोर्ड बांधून, कंपनीचा टी-शर्ट घालून किंवा कार्टूनचा पोशाख चढवून पोरे चौकात उभी केली जातात. जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. शहर वाढले की असली रोजंदारीची कामेही येतात, आणि ती बहुधा गरीब वस्तीतल्या पोरांच्या वाट्याला येतात. म्हणून या प्रकाराकडे आपण आपल्या इतिहासातून पाहिले पाहिजे.

माणसाच्या अंगावर पाटी लावण्याची रीत आपल्याला नवी नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला जाई, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात नोंदवले आहे. ओळख पटावी म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोराही बांधावा लागे. 'याला शिवू नका' हा निरोप त्या माणसालाच स्वतःच्या अंगावर वागवावा लागत होता.

गावगाड्यात निरोपाचे कामही महारांच्याच माथी होते. मयताची बातमी परगावी पोचवणे, सरकारी टपाल नेणे, कित्येक गावांत दवंडी देणे. रात्र असो की पाऊस, हुकूम झाला की निघायचे. घरातला कर्ता नसेल तर दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुते. हा जाच संपवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला.

मग अंगावर पाटी घेणे वाईटच का? नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात कचरागाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' असे लिहिलेल्या पाट्या गळ्यात अडकवून ते बंदुकधारी सैनिकांसमोरून चालत गेले. पाटी गळ्यातच होती, पण तिच्यावरचे म्हणणे त्यांचे स्वतःचे होते. मडक्यात आणि त्या पाटीत हाच फरक.

जाहिरातीचे काम करणाऱ्या पोराला कुणी हिणवू नये. कष्टात कमीपणा नाही. पण त्याला हक्क माहीत असावेत. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी केली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले कामही वेठच ठरते आणि ही बंदी खासगी मालकालाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. म्हणून काम घेताना रोज किती, किती तास, उन्हात पाणी-सावली आहे का, हे आधी विचारा. पैसे अडकले तर एकट्याने भांडू नका. मंडळाने, संघटनेने सोबत जावे.

आणखी एक गोष्ट घरातली आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत इच्छुक उमेदवाराचा फोटो छापलेले टी-शर्ट फुकट मिळतात आणि आपली पोरे ते घालून नाचतात. या कामाची तर मजुरीसुद्धा मिळत नाही. मंडळांनी वर्गणी काढून साधे टी-शर्ट छापावेत आणि त्यावर काय लिहायचे ते बैठकीत ठरवावे. अंग आपले आहे, तर त्यावरचा मजकूरही आपणच ठरवू.