नळी कुठून न्यावी? नायट्रो ट्रकच्या इंधन-नळीतलं विज्ञान



गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील खोक्यात घालून एक रिमोटची गाडी घेऊन आले. बॅटरीवरची नव्हे, खऱ्या इंजिनाची, इंधन जाळणारी. तिला नायट्रो ट्रक म्हणतात. त्यांची तक्रार अशी: “मॅडम, सुरू होते, दोन फेऱ्या मारते नि बंद पडते. आणि इंजिन असं तापतं की हात लावता येत नाही. सुई उघडून इंधन वाढवून पाहिलं, तरी तेच.” माझ्या भावाला या गाड्यांचा नाद आहे, त्यामुळे मलाही थोडंफार कळतं. आम्ही वरचं कव्हर काढलं. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. इंधनाची नळी चुकीच्या वाटेने गेली होती, एवढंच. पण त्या वीतभर नळीने आम्हाला अख्खी दुपार शिकवलं, म्हणून हा लेख.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. हा छंद मूळचा अमेरिका, युरोप आणि जपानकडचा. १९९९ साली टेक्सासमधल्या ट्रॅक्सस कंपनीने ‘टी-मॅक्स’ नावाचा मोठ्या चाकांचा ट्रक आणला आणि अशा ट्रकांची लाटच आली. इंजिन साधारण अडीच ते साडेतीन सीसीचं, टू-स्ट्रोक. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन (बरेचदा २० टक्क्यांच्या आसपास) आणि वंगणाचं तेल. यातली शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा. या इंजिनात तेल वेगळं घालत नाहीत, ते इंधनातच मिसळलेलं असतं. म्हणजे इंधन कमी पोचलं की तेलही कमी पोचतं. इंजिन नुसतं तापत नाही, कोरडंही पडतं, आणि असंच पळवत राहिलं तर पिस्टन जाम होतो. नवं इंजिन घ्यायचं तर काही हजार रुपये गेलेच. नळीचा तुकडा मात्र किरकोळ पैशांत मिळतो.

आता इंधन टाकीतून इंजिनापर्यंत जातं कसं? मोठ्या गाडीत पंप असतो, इथे नाही. ज्यांनी घरी पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. स्टोव्हच्या टाकीत आपण पंपाने हवा भरायचो, त्या दाबाने रॉकेल वर चढायचं. नायट्रो ट्रकमध्ये पंप मारायचं काम सायलेन्सर करतो. त्याला एक छोटी नळी जोडलेली असते. धुराचा थोडा दाब तिच्यातून टाकीत जातो आणि इंधन दुसऱ्या नळीतून कार्ब्युरेटरकडे ढकलतो. म्हणजे नळ्या दोन: एक दाबाची, एक इंधनाची. दोन्ही धड असल्या तरच गाडी धड. टाकीच्या झाकणाचं रबर सैल झालं की दाब तिथून निसटतो आणि इंधन कमी पडतं. स्टोव्हची चावी सैल सोडल्यावर ज्योत कशी बसायची, अगदी तसंच.

स्टोव्हचीच दुसरी आठवण म्हणजे पिन. छिद्रात कण अडकला की आई पिन मारायची. इथे कार्ब्युरेटरच्या सुईपाशी वाट त्याहूनही बारीक असते आणि गाडी धुळीतच पळते. म्हणून टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये फिल्टर हवाच.

या गाडीत काय झालं होतं? नळी गरजेपेक्षा लांब होती. तिची कमान एका बाजूला सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाला टेकत होती आणि दुसऱ्या बाजूला फ्लायव्हीलला घासत होती. फ्लायव्हील मिनिटाला हजारो फेरे फिरतं. त्याने नळीवर बारीक चीर पाडली होती. बाहेरून दिसतच नव्हती, नळी वाकवली तेव्हा दिसली.

इथे मुलांनी विचारलं आणि प्रश्न अगदी योग्य होता: “चीर पडली तर इंधन बाहेर यायला हवं ना? मग खाली ओल का नाही?” उत्तर देण्याऐवजी मी सरबत आणि स्ट्रॉ मागवला. स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडा आणि ओढा. सरबत बाहेर सांडत नाही, उलट भोकातून हवा आत येते आणि तोंडात फेस येतो. कार्ब्युरेटरमधून हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि तो इंधन ओढतो. ओढ जोरात असली की चिरेतून हवा आत शिरते. ओढ कमी असली की टाकीतला दाब वरचढ होतो आणि इंधन झिरपतं, पण तापलेल्या इंजिनाजवळ मिथेनॉल उडून जायला वेळ लागत नाही, म्हणून ओल दिसत नाही. सुई कितीही उघडा, नळीतून हवाच येत असेल तर इंजिन उपाशीच राहणार. दुखणं नळीत आणि औषध सुईला!

चीर शोधायची पद्धत आपली सायकलच्या पंक्चरवाल्याचीच. नळी काढा, एक टोक बोटाने दाबा, दुसऱ्यात सुई काढलेल्या सिरिंजने हवा ढकला आणि नळी पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की चोर सापडला. फिल्टरही तसाच तपासा, कारण उघडून साफ करता येणाऱ्या फिल्टरची रबरी रिंग हे गळतीचं नेहमीचं ठिकाण आहे. मग सगळं पूर्ण वाळवा. मिथेनॉल पाणी पटकन ओढून घेतं. इंधनाच्या डब्याचं झाकण पावसाळ्यात घट्ट ठेवायचं तेही त्यामुळेच.

मग नवी वाट. आम्ही जुनी नळी टाकून नवी सिलिकॉनची घेतली. (सिलिकॉन मिथेनॉलला चालतं. पेट्रोलवर चालणाऱ्या मॉडेलला तीच लावलीत तर फुगून खराब होते, तेव्हा दुकानदाराला इंधन कुठलं ते आधी सांगा.) नळी थेट कापली नाही. आधी सुतळीचा तुकडा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत फिरवून पाहिला. सायलेन्सरपासून लांब, फ्लायव्हीलपासून लांब, चाक पूर्ण वळलं तरी लागणार नाही, वरचं कव्हर बसवल्यावर चिमटणार नाही अशी वाट शोधली. तिसऱ्या प्रयत्नात सापडली. मग सुतळी मोजली, बोटभर जास्त धरली आणि नळी धारदार ब्लेडने सरळ कापली. थोडी ढील लागतेच, कारण इंजिन थरथरतं आणि ताणलेली नळी तोटीवरून सुटते. पण फार ढील म्हणजे पुन्हा तीच कमान. नळी चॅसीला केबल टायने बांधली, तीही सैलसर. करकचून आवळली तर आपणच नळीचा गळा दाबतो.

फिल्टर कुठे आणि कसा, यावर घरी भावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, कुठेही लटकव. मला ते पटत नाही. लटकणारा फिल्टर हिसके देऊन नळी झिजवतो, म्हणून त्याला आधार हवा. दिशेचा बाण असेल तर तो कार्ब्युरेटरकडे. आणि जमलं तर बाहेर जाणारं तोंड वर. फिल्टरच्या पोटात हवेचा बुडबुडा साचतो आणि हवा वरच जाते. तोंड वर असेल तर ती थोडी थोडी निघून जाते. खाली असेल तर साचत राहते आणि कधीतरी एकदम घसरून इंजिनाच्या तोंडी जाते.

तो बुडबुडा किती महागात पडतो याचं गणित आठवीच्या मुलांना द्या. नळीचा आतला व्यास २.४ मिमी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ४.५ चौरस मिमी. १० सेंमी नळीत मावतं सुमारे ०.४५ मिली. समजा ७५ मिलीची टाकी १० मिनिटांत संपते, तर सेकंदाला ०.१२५ मिली. म्हणजे १० सेंमी नळी हवेने भरली तर इंजिन साडेतीन सेकंदांहून जास्त उपाशी! नळी उगाच लांब का ठेवू नये, हे मुलांनी स्वतःच सांगितलं.

आता पालकांसाठी, आणि हे गंभीरपणे. मिथेनॉल विष आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलमुळे. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरतं. तोंडाने नळी ओढून इंधन चढवणं पूर्ण बंद. (हे मी एका मोठ्या माणसाला करताना पाहिलंय.) इंधन कधीच पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून टाकी भरणं आणि नळी बदलणं इंजिन गार झाल्यावर, उघड्यावर, हातमोजे घालून आणि मोठ्यांनीच. मुलांनी सुतळी फिरवावी, मोजावं, गणित करावं.

नळी बदलून गाडी सुरू केली तर धूरच धूर, आणि वेग घेताना अडखळायला लागली. साहजिक होतं. चिरेची भरपाई म्हणून वडिलांनी उघडलेली सुई तशीच होती. ती एका वेळी एक-अष्टमांश फेराच बंद करत आणली. प्रत्येक वेळी थोडं पळवायचं, मग इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब तीन-चार सेकंदांत उकळून गेला तर ठीक. पडताक्षणी चर्र करून उडाला तर इंजिन फार तापलंय, सुई थोडी परत उघडा. पाचव्या खेपेला जमलं. गाडीने सलग अख्खी टाकी संपवली.

फ्लायव्हीलने कापलेला तो नळीचा तुकडा आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, चिठ्ठी लावून. दाबाचा धडा आला की तो आणि एक स्ट्रॉ घेऊन मी वर्गात जाते.