स्लॅबवरून मजूर पडला तर भरपाई कोणाच्या डोक्यावर? छोट्या ठेकेदारांनी विम्याचं हे गणित समजून घ्यावं

पाऊस उघडला आणि पिकं निघाली की गावोगावी बांधकामं सुरू होतात. घरकुलं, गोठे, विहिरी, बोअर, सिमेंटचे रस्ते. ही कामं करणारे काही मोठे बिल्डर नसतात. पाच-सात माणसं घेऊन अंगावर काम घेणारा गवंडी, सेंट्रिंगवाला, वायरमन, कर्जावर जेसीबी घेतलेला तरुण, लग्नसराईत फोटो-व्हिडिओ काढणारा, मंडप-डेकोरेशनवाला, हेच आपल्याकडचे धंदेवाले. यांच्यातल्या बहुतेकांकडे मोटारसायकलचा विमा असतो, कारण रस्त्यावर पोलीस विचारतो. धंद्याचा विमा कोणी विचारत नाही, म्हणून तो काढलाही जात नाही. अपघात झाल्यावर मात्र शेत गहाण टाकायची वेळ येते.

यात सगळ्यात मोठी जोखीम आहे ती कामावरच्या माणसांची. म्हणून आधी तेच पाहू.

मजूर रोजंदारीवरचा असला तरी जबाबदारी सुटत नाही

"माणसं माझी कायमची नाहीत, रोज सकाळी नाक्यावरून आणतो," असं छोटे ठेकेदार सर्रास सांगतात. कायद्यात या बोलण्याला किंमत नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (जुने लोक याला वर्कमन कॉम्पेन्सेशनचा कायदा म्हणतात) पूर्वी हंगामी माणसाबद्दल एक सूट होती, ती २००० सालच्या दुरुस्तीत काढून टाकली. हा कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला गेला आहे, पण भरपाई मोजायची मूळ पद्धत तीच राहिली आहे. बांधकाम, बोअरचं काम, वीजजोडणीचं काम, एवढंच काय, ट्रॅक्टरने आणि यंत्राने होणारी शेतीही यात येते.

हिशोब असा. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे तो महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. आता रोज ६०० रुपये हजेरी आणि महिन्याला २६ दिवस काम धरलं तर मजूर या मर्यादेच्या वरच जातो. वय ३० असेल तर आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. वय ४५ असेल तर आकडा १६९.४४, रक्कम १२ लाख ७० हजार ८००. अंत्यविधीचा खर्च वेगळा.

माणूस वाचला पण कायमचा अधू झाला तर निम्म्याऐवजी ६० टक्के पगार धरतात. पूर्ण अपंगत्व आलं तर ३० वर्षांच्या मजुराची भरपाई १८ लाखांच्या वर जाते. अवयव गेला तर टक्केवारी ठरलेली आहे. अंगठा गेला की ३० टक्के. कटर मशीनमध्ये ४५ वर्षांच्या मिस्त्रीचा अंगठा गेला, एवढ्याशा अपघाताची भरपाई साडेचार लाखांच्या वर होते. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही काम देणाऱ्यानेच द्यायचा असतो.

गावात असे विषय बहुधा बसून मिटवतात. चार पंच येतात, दोन-तीन लाख ठरतात, शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टँपवर "आता काही तक्रार नाही" असं लिहून घेतात. ठेकेदाराला वाटतं सुटलो. पण हक्काची भरपाई सोडून देणारा किंवा कमी करणारा असा करार कायद्याने मुळातच रद्द ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई थेट घरच्यांच्या हातात दिली तरी ती दिली असं धरत नाहीत. थोडी आगाऊ रक्कम सोडली तर बाकीचे पैसे कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावे लागतात आणि तिथून वारसांना वाटप होतं. वारसांनी नंतर दोन वर्षांच्या आत दावा केला तर पंचांसमोर दिलेले पैसे पाण्यात जाण्याची पाळी येते. महिन्याच्या आत भरपाई जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो.

दुसरं नेहमीचं वाक्य म्हणजे "तो पिऊन आला होता." साध्या दुखापतीत हा बचाव चालू शकतो. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर चालत नाही.

मोठ्या ठेकेदाराने काम पोटठेकेदाराला दिलं असेल तरी मजूर थेट मोठ्या ठेकेदाराकडे भरपाई मागू शकतो. मग मोठा ठेकेदार ती पोटठेकेदाराकडून वसूल करतो. ज्याच्या घराचं काम चालू आहे तो घरमालक सहसा यात येत नाही, कारण बांधकाम हा काही त्याचा धंदा नाही. म्हणजे फिरून ओझं येतं ते काम अंगावर घेणाऱ्या गवंड्यावरच.

डब्ल्यूसी पॉलिसी घेताना

ही जबाबदारी उचलणारी जी पॉलिसी असते तिला एजंट लोक अजून डब्ल्यूसी पॉलिसीच म्हणतात. सरकारी आणि खासगी सगळ्याच साधारण विमा कंपन्यांकडे ती मिळते. हप्ता ठरतो तो वर्षभरात किती मजुरी वाटणार त्यावर आणि कामाच्या धोक्यावर. फरशी बसवणाऱ्याचा हप्ता कमी, उंचावर काम करणाऱ्याचा किंवा विहीर खोदणाऱ्याचा जास्त. मजुरांची नावं न देता फक्त संख्या आणि कामाचा प्रकार देऊनही ही पॉलिसी निघते. आपल्याकडे आज एक माणूस तर उद्या दुसरा, तेव्हा अशी बिननावाचीच पॉलिसी सोयीची.

हप्ता वाचवायला दहा माणसं असताना तीनच दाखवायची, मजुरी निम्मी लिहायची, हा उद्योग मात्र करू नये. अपघातानंतर कंपनी पहिल्यांदा हजेरी वही मागते. वही नसेल तर तो माणूस कामावर होता हेच सिद्ध करताना नाकी नऊ येतात. रोजची हजेरी, उचल आणि शनिवारचं वाटप एका वहीत तारखेसह लिहून सही किंवा अंगठा घेतला तरी पुष्कळ झालं. त्याला काही खर्च येत नाही.

पॉलिसी घेताना तीन गोष्टी तोंडी न विचारता कागदावर दाखवायला सांगाव्यात. उपचाराचा खर्च त्यात आहे का आणि किती, कारण साध्या पॉलिसीत तो बहुधा नसतो, जादा हप्ता देऊन जोडावा लागतो. पोटठेकेदाराची माणसं धरली आहेत का. आणि नव्या संहितेप्रमाणे येणारी जबाबदारी तिच्यात बसते का. नव्या संहितेत घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही काही अटींवर कामावरचा अपघात मानला आहे. टेंपोत माणसं भरून नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सरकारी कामात दोन कपाती, दोन्हींचा अर्थ वेगळा

सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषदेचं काम घेणाऱ्यांच्या बिलातून एक टक्का कामगार कल्याण उपकर कापला जातो. पुष्कळांना वाटतं, हाच आपला विमा. तसं नाही. हा पैसा इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि मंडळ नोंदणी असलेल्या कामगाराला योजनांमधून मदत देतं. कामावर असताना मृत्यू झाला तर ५ लाख आणि नैसर्गिक मृत्यू झाला तर २ लाख अशी वारसांसाठी मदत आहे. पण त्यासाठी कामगाराची नोंदणी हवी, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला ठेकेदारच टाळाटाळ करतात हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. शिवाय मंडळाची मदत मिळाली म्हणून ठेकेदाराची भरपाईची जबाबदारी कमी होत नाही.

दुसरी गोष्ट खऱ्या विम्याची. राज्य सरकारच्या टेंडरमध्ये कामाचा आणि कामगारांचा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडून घ्यावा अशी अट असते. तो घेतला नाही तर बिलातून एक टक्का रक्कम वसूल करतात. अनेक जण "कापून घेतील तेव्हा घेतील" म्हणून सोडून देतात. कपात झाली म्हणजे पॉलिसी हातात आली असं समजू नये. काम सुरू करायच्या आधी पॉलिसीची प्रत फाइलला लागली पाहिजे, कारण अपघात बिलाची वाट पाहत नाही.

जेसीबी, ट्रॅक्टर आणि ड्रोन

जेसीबीचा विमा फायनान्सवाला सक्तीने काढायला लावतो, पण त्यात काय आहे ते मालकाने वाचलेलं नसतं. रस्त्यावर चालताना अपघात झाला तर गाडीचा विमा कामी येतो. खोदकाम करताना मशीन विहिरीच्या कडेवरून कलंडलं तर साध्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. त्यासाठी उलटण्याची जोखीम, म्हणजे एजंटच्या भाषेत ओव्हरटर्निंग, जादा हप्ता देऊन घ्यावी लागते. साइटवरच राहणारी मशिनरी, जसं मिक्सर, काँप्रेसर किंवा पोकलेन, यांच्यासाठी ठेकेदाराच्या यंत्रसामग्रीची वेगळी पॉलिसी असते. हायड्रॉलिक फुटलं, इंजिन बसलं, असा बिघाड तीही देत नाही. बाहेरून झालेल्या अपघाताचं नुकसान मिळतं.

ट्रॅक्टरची गोष्ट तर घरोघरची. विमा शेतीकामाचा आणि ट्रॉलीत मुरूम, विटा, नाहीतर वऱ्हाड. ट्रॉलीची नोंदणी नाही, विमा नाही. मडगार्डवर बसलेला माणूस पडून दगावला तर कंपनी हात वर करते, किंवा न्यायाधिकरणाने सांगितल्यावर पैसे भरते आणि मग मालकाकडून वसूल करायला लागते. भाड्याने धंदा करायचा असेल तर विमाही धंद्याचाच हवा.

फवारणीचे ड्रोन आता तालुक्यात दिसू लागले आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अगदी लहान, नॅनो प्रकारचे सोडले तर ड्रोनला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो. शेजाऱ्याच्या द्राक्षबागेवर चुकून तणनाशक गेलं तर काय, हे पॉलिसी देणाऱ्याला स्पष्ट विचारावं. रसायनामुळे झालेलं पिकाचं नुकसान प्रत्येक पॉलिसीत धरलेलं असेलच असं नाही.

दुकान, गोडाऊन, कॅमेरा

वेल्डिंगचं वर्कशॉप, मंडपाचं गोडाऊन, हार्डवेअरचं दुकान यांच्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते. एका जागेवरच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला ती लागू आहे. आग, वीज पडणं, वादळ, पूर यात येतं. नुसती चोरी येत नाही, घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

इथे रक्कम कमी लिहिण्याची खोड महागात पडते. गोडाऊनमध्ये १० लाखांचा माल आहे, विमा ५ लाखांचा काढला आणि आगीत २ लाखांचा माल जळाला. मालकाला वाटतं २ लाख मिळतील. कंपनी म्हणते, निम्म्याचाच विमा होता, तेव्हा नुकसानही निम्मंच, १ लाख घ्या. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्यापुढे कात्री लागते.

फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याला किंवा मंडपवाल्याच्या जनरेटरला दुकानाची पॉलिसी बाहेर कामाला येत नाही. सामान जिथे जाईल तिथे चालेल अशी पॉलिसी हवी असं सांगून घ्यावं. बिलं जपून ठेवावीत. सेकंडहँड कॅमेरा बिलाशिवाय घेतला असेल तर दावा तिथेच अडतो.

मालक स्वतः पडला तर

डब्ल्यूसी पॉलिसीत मालक नसतो. गवंडी स्वतः परांचीवर चढतो, वायरमन स्वतः खांबावर असतो, आणि त्याच्यासाठीच काही नसतं. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयापर्यंत आहे. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा पाय गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर १ लाख. बोट तुटलं, पाय मोडून चार महिने घरी बसावं लागलं तर यातून काहीच नाही. त्यासाठी अपघात विम्याची मोठी पॉलिसी घ्यावी आणि तिच्यात काम बंद राहिल्याचा आठवड्याचा भत्ता आहे का ते पाहावं. अर्जात धंदा "शेती" लिहून मोकळं होऊ नये. वायरमन असेल तर वायरमनच लिहावं, नाहीतर दाव्याच्या वेळी तेवढंच कारण पुरतं.

सातबारा नावावर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूला २ लाखांची मदत आहे. वय १० ते ७५. खातेदाराशिवाय घरातल्या आणखी एकाला ती लागू होते. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो आणि तो लगेच करावा. शॉक लागून किंवा साप चावून झालेला मृत्यूही यात येतो.

वीस रुपयांच्या योजनेचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर विमा बंद पडतो, आणि बंद पडल्याचं पुष्कळांना अपघातानंतरच कळतं. खरिपाच्या बी-बियाण्यात खातं रिकामं व्हायची वेळ तीच.

अपघात झाला तर

पोलिसांत नोंद, पंचनामा, डॉक्टरांचे कागद आणि कंपनीला त्याच दिवशी कळवणं, हे आधी. फोनवर सांगितलं तरी दाव्याचा नंबर लिहून घ्यावा. मशीन किंवा जळालेला माल सर्व्हेअर येईपर्यंत हलवू नये, हलवावाच लागला तर फोटो काढून ठेवावेत.

दावा नाकारला तर कारण लेखी मागावं. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जायचं. विमा नियामक आयआरडीएआयचा १५५२५५ हा फोन आणि बीमा भरोसा हे पोर्टल आहेच. तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्या मालकाचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसींची तक्रारही लोकपाल घेतात, मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत. फी नाही, वकील लागत नाही, पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे. कंपनीचं अखेरचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.