धूर न ओकणारें इंजिन

आगगाडीच्या इंजिनाचा धूर केवळ कपडेच मळवितो असें नाहीं. इ. स. १९०२ मध्यें न्यूयॉर्क शहरांतील धुरानें कोंदलेल्या बोगद्यांत चालकास धोक्याचा दिवा दिसला नाहीं, व उभ्या गाडीवर दुसरी गाडी आदळून अनेक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १९२३ च्या कायद्यानें त्या शहरांतून वाफेचीं इंजिनें हद्दपार ठरलीं.

मोठ्या मार्गांवर विजेच्या तारा उभारणें शक्य होतें. परंतु सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचें ब्राँक्स येथील मालस्थानक अगदीं लहान व एकाकी. तेथें डबे तराफ्यांवर चढवून पाण्यावाटे आणीत. एवढ्याशा जागेस विजेचा खर्च परवडणार कसा? म्हणून १९२५ मध्यें तेथें ३०० अश्वशक्तीचें, सुमारें ६० टन वजनाचें डिझेल इंजिन आलें. तेलानें यंत्र फिरवावयाचें, त्यानें वीज उत्पन्न करावयाची व त्या विजेनें चाकें चालवावयाचीं, अशी त्याची रचना. '१००० क्रमांका'च्या ह्या इंजिनास १९५७ मध्यें निवृत्ति मिळाली. आतां तें बाल्टिमोरच्या रेल्वे-संग्रहालयांत विसांवलें आहे.

मोठ्या उपायाची ऐपत नसलेल्या लहानशा स्थानकानेंच पुढें थोरामोठ्यांस वाट दाखविली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें नाहीं काय?