साहसभांडवल आणि गोमंतकातील नवा उद्योजक

सन २०१२ च्या सप्टेंबर महिन्यात गोव्यातील खाणकाम थांबले आणि डिचोली तालुक्याच्या रस्त्यांवरून एकामागून एक धावणारे खनिजवाहू ट्रक घरांच्या अंगणांत उभे राहिले. ट्रक थांबले, परंतु ट्रकांसाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते थांबले नाहीत. चाक फिरो वा न फिरो, हप्त्याची तारीख यावयाचीच, हा कर्जाचा धर्मच आहे. अखेर राज्य सरकारला खाणबंदीची झळ लागलेल्या कर्जदारांसाठी दिलाशाची योजना आखावी लागली. २०२४ साली डिचोलीच्या खाणीतून पुन्हा खनिज निघू लागले. तथापि मधल्या वर्षांनी शिकविलेला धडा जुना झालेला नाही. ज्या धंद्याचे उद्याचे उत्पन्न अनिश्चित, त्याला निश्चित हप्त्याचे भांडवल मानवत नाही.

अशा धंद्यांसाठी भांडवलाचा एक निराळा प्रकार जगात रूढ झाला आहे. त्यास साहसभांडवल, अथवा बाजारातील भाषेत व्हेंचर कॅपिटल, असे म्हणतात. हे भांडवल देणारा सावकार नसतो, भागीदार असतो. तो तारण मागत नाही, हप्ता लावीत नाही. कंपनीच्या मालकीतील हिस्सा घेतो. कंपनी बुडाली तर तिच्याबरोबर त्याचाही पैसा बुडतो.

या प्रकाराला संघटित रूप आले ते अमेरिकेत. १९४६ साली जॉर्ज डोरिओ यांच्या पुढाकाराने बोस्टन येथे अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही संस्था निघाली. तिने १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या नवजात कंपनीत ७०,००० डॉलर गुंतविले आणि पुढील दीड दशकात त्या गुंतवणुकीचे मोल हजारो पटींनी वाढले. भारतात या क्षेत्राची पहिली सरकारी मार्गदर्शक तत्त्वे १९८८ साली आली. पुढे ‘सेबी’ने १९९६ मध्ये आणि नव्या स्वरूपात २०१२ मध्ये त्यासाठी नियम केले.

मात्र या भांडवलदाराकडे जाण्यापूर्वी त्याचे गणित समजून घेणे अगत्याचे आहे. तो बहुधा स्वतःचा पैसा देत नाही; इतरांनी सुमारे दहा वर्षांसाठी सोपविलेल्या निधीतून देतो. समजा, असा निधी १०० कोटींचा आहे, त्याने दहा कंपन्यांत प्रत्येकी १० कोटी घातले आणि मुदतीअखेर त्याला ३०० कोटी परत करावयाचे आहेत. सात कंपन्या बुडाल्या आणि दोहोंनी दुप्पट, म्हणजे एकूण ४० कोटी दिले, तर उरलेल्या एकीने २६० कोटी दिले पाहिजेत. ती कोणती, हे आरंभी कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच समोर येणाऱ्या प्रत्येक उद्योगात तो एकच गोष्ट शोधतो : हा धंदा दहा वर्षांत पंचवीसपट होऊ शकेल काय?

यावरून उद्योजकाने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न निघतो. आपला धंदा त्या जातीचा आहे काय? हरमलला दोन खोल्यांचे अतिथिगृह, पेडण्याला काजूगर सोलण्याचा कारखाना, डिचोलीच्या कुंभाराची भट्टी हे सारे प्रतिष्ठेचे धंदे आहेत. ते चार कुटुंबे पोसतील, दरवर्षी थोडे वाढतील. परंतु पंचवीसपट होणार नाहीत, आणि तो त्यांचा दोष नव्हे. अशा धंद्याला बँक, सहकारी पतसंस्था किंवा १९७५ साली स्थापन झालेले आर्थिक विकास महामंडळ यांचे दार योग्य. तेथे साहसभांडवल आणणे म्हणजे माडाला खत घालून त्याने वडासारखे पसरावे, अशी अपेक्षा करणे होय. गुंतवणूकदार विस्ताराची घाई करतो, धंदा त्या वेगाने फुगविला जातो आणि जो शांतपणे चालला असता तो कोलमडतो.

याउलट त्याच काजूगराची प्रत क्षणात पारखणारे एखादे यंत्र कोणी शोधले, तर ते पेडण्याप्रमाणेच कोकणात, केरळात आणि आफ्रिकेतही विकता येईल. तेथे साहसभांडवलाची कथा सुरू होते.

ती यशस्वी कशी होते, याचे उदाहरण गोव्यातच आहे. वेर्ण्याच्या मोलबायो डायग्नॉस्टिक्स या कंपनीची ‘ट्रूनॅट’ ही क्षयरोगाची रेणवीय चाचणी बॅटरीवर चालते. त्यामुळे सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या आरोग्यकेंद्रातही ती करता येते. मागे अनेक वर्षांचे संशोधन होते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीस मान्यता दिली आणि २०२२ साली सिंगापूरच्या टेमासेक संस्थेने कंपनीत सुमारे साडेआठ कोटी डॉलर गुंतविले. पुण्याच्या क्विक हीलची हकीकत याच अर्थाची आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी गणकयंत्रे दुरुस्त करण्यापासून आरंभ केला; बंधू संजय यांनी संगणकातील विषाणूंवर उतारा तयार केला. सेकोया कॅपिटलचे ६० कोटी रुपये आले ते २०१० साली, म्हणजे माल देशभर खपू लागल्यानंतर. दोन्ही ठिकाणी पुरावा आधी आला, पैसा मागाहून.

हा पुरावा म्हणजे काय? ओळखीच्या मंडळींनी केलेली वाहवा हा पुरावा नव्हे. अनोळखी माणसाने खिशातून पैसे काढून वस्तू घेतली आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, हा पुरावा. एक ग्राहक मिळविण्यास किती खर्च येतो, प्रत्येक विक्रीमागे काय उरते आणि हाती असलेला पैसा किती महिने पुरेल, या तीन आकड्यांची उत्तरे ज्याच्या जिभेवर आहेत, त्याचे म्हणणे गुंतवणूकदार लक्ष देऊन ऐकतो. त्यानंतर तो माणसे पाहतो. यंत्र करणारा आणि ते विकणारा, असे दोघे एकत्र आहेत काय? त्यांच्यात वाटण्या लेखी ठरल्या आहेत काय? शेवटी तो दप्तर उघडतो. कंपनी खाजगी मर्यादित म्हणून नोंदलेली, हिशेब स्वच्छ, पेटंट व व्यापारचिन्ह काका-मामांच्या नव्हे, कंपनीच्याच नावावर असावे लागते. कित्येक चांगले प्रस्ताव या शेवटच्या पायरीवर अडखळतात.

मागणी कितीची करावी, हेही मोजूनच ठरवावे. पुढील दीड-दोन वर्षांत जो टप्पा गाठावयाचा आहे, तेथवर पोहोचण्यापुरती. कारण प्रत्येक रुपयाची किंमत मालकीत मोजावी लागते. कंपनीचे मोल ८ कोटी ठरले आणि २ कोटी घेतले, की एकूण १० कोटींपैकी २० टक्के हिस्सा गेला. दुसऱ्या फेरीत आणखी २० टक्के दिले, की संस्थापकांचे ८० टक्के ६४ वर येतात. शिवाय करारात अटी असतात. कंपनी विकली गेल्यास आधी गुंतवणूकदाराची रक्कम परत करावयाची. संचालक मंडळावर त्याचा माणूस घ्यावयाचा. संस्थापक मध्येच निघून गेला तर त्याचे काही भाग परत घ्यावयाचे. यांत अन्याय असतोच असे नाही. परंतु सही करण्यापूर्वी या अटी जाणत्या वकिलाकडून समजून घेणे हे कन्येचे स्थळ पाहण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे. हा संबंध सात-आठ वर्षांचा असतो.

पेडणे-डिचोलीच्या तरुणाला हे शिकण्यासाठी मुंबई गाठावी लागते असे नाही. डिचोलीच्या सीमेलगत साखळीजवळ गोवा व्यवस्थापन संस्थेचे अटल उबवणी केंद्र आहे. फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातही नवउद्योगांसाठी असे केंद्र चालते. अशा ठिकाणी प्रयोगाला जागा, हिशेबाला शिस्त आणि गुंतवणूकदारापर्यंत ओळख मिळते. ओळखीचे महत्त्व कमी लेखू नये. अनाहूत पत्रापेक्षा, ज्याला आधी पैसा मिळाला आहे अशा उद्योजकाने उच्चारलेला एक शब्द अधिक काम करतो. आणि नकार मिळालाच, तर त्याचे कारण विचारून घ्यावे. पुढील प्रस्तावाची ती पहिली ओळ असते.

जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि पेडणे तालुका जगाच्या बाजारपेठेला जवळचा झाला. भांडवलही आता तेथे येऊन उतरू शकते. मात्र ते कर्ज म्हणून हवे की भागीदारी म्हणून, याचा निर्णय ते येण्यापूर्वी, घरच्या ओसरीवर, वहीत आकडे मांडूनच व्हावयास पाहिजे. अंगणात उभ्या राहिलेल्या त्या ट्रकांचे गणितही त्या वहीत पहिल्या पानावर असावे.