स्केटपार्क : चांगले कोणते आणि ते ओळखावे कसे?

वाशिम : टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या अवघ्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक पटकावले. पुढच्याच वर्षी गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने याच प्रकारात सुवर्ण मिळवले. चार चाकांच्या फळीवरचा हा खेळ महाराष्ट्राला परका राहिलेला नाही, याची ही खूण होती. स्केटबोर्ड आता वाशिम, कारंजा किंवा रिसोडमध्येही घरपोच मागवता येतो. अडचण असते ती तो चालवण्याच्या जागेची. सुटीत मुलांना एखादे चांगले स्केटपार्क दाखवायचे, तर ते कुठे आहे आणि चांगले म्हणजे नेमके कसे, हे पालकांना आधी माहीत असायला हवे.

रिंक वेगळी, पार्क वेगळे

बहुतेकांची पहिली गफलत येथेच होते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत स्केटिंग रिंक आहेत. मात्र ही लंबगोल, सपाट धावपट्टी पायात चाकांचे बूट घालून शर्यत लावणाऱ्यांसाठी असते. स्केटबोर्डरला सपाट जागा सरावाच्या पहिल्या काही दिवसांपुरतीच पुरते. पुढे त्याला उतार, वळणे, पायऱ्या आणि कठडे लागतात. देशपातळीवर दोन्ही खेळांचा कारभार रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही एकच संघटना पाहते. नावांतही साधर्म्य असल्याने रिंक झाली म्हणजे दोघांचीही सोय झाली, असा समज होतो. तो बरोबर नाही.

स्केटपार्कचे ढोबळमानाने दोन भाग असतात. 'स्ट्रीट' भागात शहरातील रस्त्याची प्रतिकृती असते : पायऱ्या, लोखंडी कठडे, बसण्याच्या ओट्यांसारखे चौथरे. 'पार्क' भागात वाडग्याच्या आकाराचा खोलगट खड्डा असतो. त्याला बाऊल म्हणतात. ऑलिम्पिकमधील स्पर्धा याच दोन प्रकारांत होतात.

कोरड्या तलावांतून जन्म

बाऊलचा आकार कोणा वास्तुविशारदाच्या कल्पनेतून आलेला नाही. कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकाच्या मध्यास मोठा दुष्काळ पडला आणि घरोघरचे जलतरण तलाव कोरडे पडले. लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांना त्या गोलाकार भिंतींत लाटेचाच आकार दिसला. त्याच सुमारास युरेथेनची चाके बाजारात आली होती. पूर्वीची धातूची किंवा मातीमिश्रित चाके घसरत; ही नवी चाके जमीन धरून ठेवत. त्यामुळे उभ्या भिंतीवर चढणे शक्य झाले आणि काही वर्षांतच खास या खेळासाठी काँक्रीटची पार्क बांधली जाऊ लागली.

जगातील काही नामांकित जागा तर खेळाडूंनी स्वतःच मिळवलेल्या आहेत. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखालच्या पडीक जागेत १९९०मध्ये तरुणांनी परवानगी न घेता काँक्रीट ओतण्यास सुरुवात केली. पुढे नगर प्रशासनाने ते पार्क मान्य केले. लंडनमध्ये थेम्सकाठच्या साउथबँक इमारतींखालील जागा दुकानांसाठी जाणार होती. मोठ्या लोकमोहिमेनंतर २०१४मध्ये ती स्केटबोर्डरांसाठी राखण्यात आली.

काँक्रीटची कसोटी

पार्क पाहायला गेल्यावर सर्वप्रथम जमीन पाहावी. स्केटबोर्डचे चाक जेमतेम पाच सेंटिमीटर व्यासाचे आणि कडक असते. एखादा खडा किंवा फरशीच्या सांध्यातील फट त्याला जागीच थांबवते. बोर्ड थांबतो, खेळाडू मात्र पुढे फेकला जातो. म्हणून पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला आणि सांधे अगदी बारीक असावे लागतात.

दुसरी कसोटी वक्रतेची. सपाट जागेपासून भिंतीपर्यंतचा चढ एकसलग हवा. मध्येच कोन आला, की तोल जातो. वक्र भिंतींवर काँक्रीट सहसा दाबाने फवारले जाते आणि ओले असतानाच साच्याच्या मापाने घोटले जाते. हे काम रस्ता किंवा इमारत बांधणाऱ्यांच्या नेहमीच्या सवयीचे नसते. भिंतीच्या वरच्या काठाला बसवलेली लोखंडी नळी घट्ट असली पाहिजे. बाऊलच्या तळाशी पाणी वाहून नेणारी व्यवस्था नसेल, तर पावसाळ्यात त्याचे डबके होते. लाकडी उतार स्वस्त पडतात. परंतु आपल्याकडील पावसात ते फुगतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी काँक्रीट तापून पाय ठेवणेही कठीण होते. त्यामुळे सावली किंवा संध्याकाळसाठी दिव्यांची सोय ही येथे चैन ठरत नाही.

तिसरी कसोटी शिस्तीची. चांगल्या पार्कमध्ये नवशिक्यांसाठी कमी उंचीचा स्वतंत्र भाग असतो आणि बाऊलमध्ये एका वेळी एकच जण उतरतो. हेल्मेट, गुडघ्यांचे व कोपरांचे संरक्षक यांविना मुलांना सोडू नये.

देशातील पाहण्याजोगी ठिकाणे

मोठ्या शहरांपैकी अहमदाबादचा उल्लेख आवर्जून करावा लागेल. २०२२च्या राष्ट्रीय स्पर्धेतील स्केटबोर्डिंग तेथील साबरमती रिव्हरफ्रंटवर झाले. बेंगळुरूमध्ये होली स्टोक्ड या तरुणांच्या गटाने या खेळाचा पाया घातला. २०१३मध्ये लेव्हाइस कंपनीच्या मदतीने त्यांनी तेथे सर्वांसाठी मोफत पार्क उभारले होते. भाड्याच्या किंवा खासगी जागेवरील पार्क केव्हाही बंद होऊ शकते, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट.

राजस्थानात उदयपूरजवळ खेमपूर या गावी सुमारे साडेचौदा हजार चौरस फुटांचे पार्क आहे. 'स्केटर गर्ल' या २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या चित्रपटासाठी ते बांधण्यात आले आणि चित्रीकरणानंतर गावातील मुलांसाठी ठेवण्यात आले. चित्रपटाच्या दिग्दर्शिका मंजरी माकिजानी या 'शोले'तील सांभा अर्थात मॅकमोहन यांच्या कन्या.

जनवारचा धडा

मात्र या साऱ्यांत विचार करायला लावणारे पार्क आहे ते मध्य प्रदेशात, पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील जनवार या गावी. उलरिके राइनहार्ड या जर्मन महिलेच्या पुढाकाराने २०१५मध्ये ते सुरू झाले. तेथील नियम दोनच, पण कडक. शाळा बुडवणाऱ्याला स्केटबोर्ड नाही; आणि मुलीने मागितला, तर मुलाने बोर्ड तिला द्यायचा. गावात आदिवासी आणि यादव ही दोन वस्त्यांत विभागलेली कुटुंबे. फळ्या मोजक्या, त्यामुळे त्या वाटून घ्याव्या लागत. एकाच उतारावर आपली पाळी येण्याची वाट पाहताना ही मुले एकमेकांच्या शेजारी उभी राहू लागली. याच गावातील आशा गोंड २०१८मध्ये चीनमधील नानजिंग येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत उतरली.

या पार्कचे क्षेत्रफळ आहे सुमारे ४५० चौरस मीटर. बास्केटबॉलचे मैदान २८ बाय १५ मीटर, म्हणजे ४२० चौरस मीटरचे असते. एका बास्केटबॉल मैदानाहून किंचित मोठ्या जागेत हे सारे घडले.

वाशिमसारख्या जिल्ह्याला काय शक्य?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याची आकांक्षित जिल्ह्यांत गणना झाली. येथे खेळाच्या सुविधा मागताना 'मोठ्या शहराची चैन' हे उत्तर ठरलेले असते. जनवारचे उदाहरण ते उत्तर खोडून काढते. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातील कारंजा, मालेगाव तालुक्यांतून जातो. काँक्रीट येथे नवलाचे नाही. क्रीडा संकुलाच्या आवारात एका मैदानाइतकी जागा काढणे अशक्यप्राय नाही. मुंबईत माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६मध्ये उद्यान फुलले, हेही विसरता येणार नाही.

खरी अडचण बांधकामानंतर सुरू होते. फाटकाला कुलूप लागले, शुल्क आकारले गेले किंवा कार्यक्रमांसाठी मांडव टाकला गेला, की उत्तम पार्कही मुलांच्या हातून जाते. म्हणूनच कोणतेही पार्क पाहायला गेल्यावर बाऊलची खोली मोजण्याबरोबरच आणखी दोन गोष्टी पाहाव्यात : संध्याकाळी सहा वाजता फाटक उघडे आहे का, आणि आत मुली खेळत आहेत का. या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर ते पार्क प्रवास करून पाहण्याजोगे आहे. आपल्या गावात तसे पार्क मागण्याआधीही हीच दोन उत्तरे निश्चित करून घ्यावीत.