सौर बॅटऱ्यांची जोडणी : एकसर की समांतर?

शेतावरील घर, गोठा अथवा कोंबड्यांची शेड येथे रात्रीच्या उजेडासाठी अनेक शेतकरी आता सौर विजेचा उपयोग करितात. ओलिताचा सौर पंप बहुधा दिवसा पॅनेलवर थेट चालतो. त्यास बॅटरी लागत नाही. रात्रीसाठी मात्र वीज साठवावी लागते, आणि एकीहून अधिक बॅटऱ्या आल्या की त्या कशा जोडाव्यात हा प्रश्न उभा राहतो. जोडणी चुकल्यास इन्व्हर्टर जळतो, तारा तापून आग लागण्याचा संभव असतो, किंवा बॅटऱ्या अकाली निकामी होतात.

एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास जोडीत गेल्यास ती एकसर जोडणी होय. हिलाच वायरमन सिरीज म्हणतात. हौदावर हौद रचल्याने पाण्याचा दाब वाढावा, तसा येथे विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, वाढतो. धन टोकास धन व ऋणास ऋण जोडल्यास ती समांतर, अर्थात पॅरलल जोडणी होय. शेजारी शेजारी बांधलेल्या हौदांप्रमाणे येथे दाब तोच राहतो व अँपिअर-तास वाढतात.

समजा, 12 व्होल्ट व 150 अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या आहेत. एकसर जोडल्यास 48 व्होल्ट व 150 अँपिअर-तास मिळतात. समांतर जोडल्यास 12 व्होल्ट व 600 अँपिअर-तास. गुणाकार केल्यास दोन्हीकडे 7,200 वॅट-तासच येतात. म्हणजे जोडणी बदलल्याने साठा वाढत नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे.

फरक पडतो तो तारांतून वाहणाऱ्या प्रवाहात. 1,200 वॅटचा भार ढोबळ हिशेबाने 12 व्होल्टवर 100 अँपिअर, तर 48 व्होल्टवर अवघे 25 अँपिअर प्रवाह ओढतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, तीच तार असता 48 व्होल्टवर हा नाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. यास्तव मोठ्या भारासाठी एकसर जोडणी श्रेयस्कर होय. दोन-चार दिव्यांसाठी 12 व्होल्टची समांतर जोडणी पुरेशी आहे. तथापि अंतिम निर्णय इन्व्हर्टर व चार्ज कंट्रोलर यांवर लिहिलेल्या व्होल्टवरूनच करावा. ते 24 व्होल्टचे असल्यास दोन-दोन बॅटऱ्या एकसर जोडून त्या दोन जोड्या समांतर कराव्यात.

पुढील खबरदारी अवश्य घ्यावी.

1. सर्व बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, क्षमतेच्या व वयाच्या असाव्यात. जुनीसोबत नवी जोडू नये. एकसर जोडणीत एक दुबळी बॅटरी सर्वांस मागे खेचते. समांतर जोडणीत ती चांगल्या बॅटऱ्यांतील वीज खाते.
2. समांतर जोडण्यापूर्वी प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे पूर्ण भारून घ्यावी. भाराची धन तार पहिल्या बॅटरीवरून व ऋण तार शेवटच्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे सर्वांवर सारखा ताण पडतो.
3. 48 व्होल्टच्या संचातील एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टचा दिवा लावू नये. ती बॅटरी नेहमी उपाशी राहून लवकर मरते.
4. धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा.
5. जोडताना इन्व्हर्टर बंद ठेवावा. अंगठी, कडे काढून ठेवावे व पान्याच्या मुठीस चिकटपट्टी गुंडाळावी. सोडविताना पॅनेलची तार प्रथम व बॅटरीची नंतर सोडवावी; जोडताना क्रम याच्या उलट ठेवावा.
6. पाण्याच्या बॅटऱ्या भारताना पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. त्या हवेशीर जागी ठेवाव्यात व जवळ विडी ओढू नये.
7. लिथियम बॅटऱ्या उत्पादकाने तशी अनुमती दिली असेल तरच एकमेकींस जोडाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी संच चालू करण्यापूर्वी मल्टिमीटरने एकूण व्होल्ट मोजून ते इन्व्हर्टरवरील आकड्याशी ताडून पाहावेत. या कामास दोनच मिनिटे लागतात; परंतु त्यामुळे शेतकऱ्याचे हजारो रुपयांचे नुकसान टळते.