'मुत्सद्दी' : दप्तरातून दरबारात

मराठीत 'मुत्सद्दी' म्हटले की धोरणी, वेळ ओळखून बोलणारा राजकारणपटू पुरुष डोळ्यांसमोर येतो. मूळ शब्दात मात्र चातुर्याचा निर्देश नाही. अरबी 'मुतसद्दी' म्हणजे एखादे काम अंगावर घेणारा. फारसी दप्तराच्या द्वारे हा शब्द हिंदुस्थानात रूढ झाला तो कारकून, हिशेबनीस, कारभारी या अर्थांनी. मोगल अमदानीत सुरत बंदराच्या मुख्य अधिकाऱ्यासही 'मुतसद्दी' म्हणत. मारवाडात राज्याचा कारभार पाहणारा सबंध वर्ग याच नावाने ओळखला जाई. मराठीत उच्चारातील 'त'चा अकार लोपला आणि अर्थ दप्तरातून दरबारात गेला.

हे अर्थांतर का घडले असावे, याचा उलगडा औंधच्या प्रतिनिधी घराण्याच्या इतिहासावरून होऊ शकतो. या घराण्याचे संस्थापक परशुराम त्रिंबक हे किन्हईच्या कुलकर्णी कुळातले. गावचे हिशेब राखणाऱ्या कुळातील या पुरुषाने 1692 मध्ये पन्हाळा परत मिळवला; पुढे राजारामांनी जिंजी येथे निर्माण केलेले प्रतिनिधिपद त्यांच्याकडे आले. ताराबाईंचा पक्ष धरल्यामुळे शाहूंच्या कैदेत पडलेल्या परशुरामपंतांना पुढे शाहूंनीच ते पद पुन्हा दिले. मराठी राज्यात लेखणी धरणारा केवळ हुकूम उतरवून घेत नव्हता. मसलतीत त्याचाही शब्द असे. व्यक्तीबरोबर संज्ञाही वर चढली, असे म्हणता येते.

या चढणीत शब्दाला संशयाची छटाही चिकटली. 'मुत्सद्देगिरी' हा शब्द आज स्तुतीइतकाच उपरोधानेही वापरला जातो. अशा वेळी मूळ अर्थाचे स्मरण उपयुक्त ठरते. 1939 मध्ये औंधचे अधिपती भवानराव यांनी संविधान देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रसेवेत शिरले. 1948 मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त झाले आणि पुढे लंडनमध्ये उच्चायुक्त होते.

अशा अधिकाऱ्यास आज 'राजनयिक' म्हणतात. परंतु 'राजनयिक' हा हुद्दा सांगतो, 'मुत्सद्दी' हा गुण. त्या गुणाची कसोटी शब्दाच्या मुळातच आहे. काम अंगावर न घेता केवळ डाव टाकणारा कावेबाज ठरेल, मुत्सद्दी नव्हे.